केराच्या बादलीतली काळी पिशवी



सकाळी घंटागाडी आली की शहरातल्या घराघरांतून गाठ मारलेली काळी पिशवी दाराबाहेर येते. हात स्वच्छ राहतात, बादली धुवावी लागत नाही आणि गृहस्थ तेवढ्यापुरता कर्तव्यमुक्त होतो. त्या पिशवीचे पुढे काय होते, हे पाहण्यास मात्र कोणी थांबत नाही.

पुढे ती गाठ कचरा वेचणारी एखादी भगिनी सोडते, बहुधा उघड्या हातांनी. आत खरकटे, फुटलेली काच आणि दाढीचे पाते एकत्र नांदत असतात. जी पिशवी सुटत नाही ती कचरा डेपोवर जाते. तिथे हवा न मिळाल्याने ओला कचरा कुजून मिथेन वायू तयार होतो, आणि हा वायू ज्वालाग्राही असतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस सोसला.

वाटेत तीच पिशवी गाईच्या तोंडी लागते. गाईला गाठ सोडता येत नाही. शिळ्या पोळीच्या वासाने ती पिशवीसकट घास गिळते. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात एका गाईच्या पोटातून शस्त्रक्रियेने ५३ किलो प्लास्टिक काढावे लागले. हा विषय २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या घरांतूनही हीच पिशवी बाहेर पडते, ही गोष्ट मनाला टोचली पाहिजे.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. दुकानातून फुकट मिळणाऱ्या पिशव्या आटल्या, तेव्हा अनेक घरांनी कचऱ्यासाठी काळ्या पिशव्यांचा रोल विकत आणण्यास आरंभ केला! मग बाजाराने 'पर्यावरणस्नेही' पिशवी पुढे केली. तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मक्याच्या स्टार्चसारख्या पदार्थांपासून बनलेल्या खऱ्या कंपोस्टयोग्य पिशवीवर तसा स्पष्ट उल्लेख असतो आणि ती आयएस १७०८८ या मानकात बसते. परंतु त्या मानकाची कसोटी सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत, सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत घेतली जाते. एवढी उष्णता मोठ्या खतप्रकल्पात असते. सज्जातल्या कुंडीत नाही, नाल्यात तर नाहीच. नुसते हिरवे पान छापून 'विघटनशील' म्हणवणाऱ्या काही पिशव्या तर केवळ बारीक तुकडे होऊन मातीत मिसळतात. महाग पिशवी घेऊन मनाचे समाधान होईल, कचऱ्याचे काम होईलच असे नाही.

मुळात पिशवी लागते कशासाठी? ओलाव्यासाठी. गाळणीतला चहाचा चोथा पिळून घेतला, भाजीचे देठ आणि साली चाळणीत निथळू दिल्या, आमटीचे उरलेले पाणी कचऱ्यात ओतले नाही, तर बादलीत पाणी साचतच नाही. मग तळाशी वर्तमानपत्राचे दोन कागद एकमेकांवर आडवे-उभे पसरावेत, त्यांवर मूठभर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या टाकाव्यात. एवढ्यावर दिवसाचा कचरा सहज मावतो. कागद गुंडाळून तसाच बाहेर देता येतो आणि खतातही जातो. मासळीचा कचरा असेल त्या दिवशी कागदाचे पदर वाढवावेत. आता अनेक घरांतून वर्तमानपत्रच बंद झाले आहे, ही अडचण खरी; तिथे पिठाची किंवा किराणा मालाची कागदी पिशवी चालते. तीही नसेल, तर झाकणाची बादली थेट रिकामी करून विसळून टाकावी. विसळलेले पाणी झाडांना घालावे.

सुक्या कचऱ्याला तर विकतची पिशवी लागतच नाही. जुन्या चादरीची शिवलेली थैली किंवा उशीचा फाटका अभ्रा वर्षभर पुरतो आणि धुताही येतो. दुधाच्या पिशव्या तेवढ्या विसळून, वाळवून त्यात टाकाव्यात. निर्माल्य निराळ्या परडीत ठेवावे. त्याचे खत उत्तम होते. ज्यांना जागा आहे त्यांनी भोके पाडलेल्या माठात ओला कचरा व सुका पाला आलटून-पालटून घालावा. वरचेवर हलवत राहिल्यास दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. पूर्वीच्या वाड्यांत परसदारी उकिरडा होता आणि साली गोठ्यात जात, हे सांगून आजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला माठ परवडतो, परसदार नाही.

हे एका-दुसऱ्या घराचे वेड नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये बंगळूरकरांना दोन बादल्या आणि एक पिशवी अशी पद्धत लावून दिली. ओल्याची बादली हिरवी, टाकाऊची लाल आणि पिशवी फक्त सुक्या कचऱ्यासाठी. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने आणखी एक साधी रीत रुजवली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळायचे आणि त्यावर लाल ठिपका काढायचा. तो ठिपका दिसला की वेचणारी भगिनी ते पुडके न उघडता बाजूला ठेवते.

सोसायट्यांच्या सभेत एक आक्षेप हमखास येतो: पिशवी नसेल तर सफाई कामगार कचरा नेणार नाही. तो आक्षेप त्या कामगारासमोरच मांडावा. सांडणारे, गळणारे ओझे कोणालाच नको असते. निथळलेला, कागदात बांधलेला कचरा नेण्यास तो सहसा नकार देत नाही. मजल्यावर बादल्या कोण उचलणार आणि धुणार कोण, एवढे मात्र सभासदांनी त्याच सभेत ठरवून घ्यावे.