दान नव्हे, हक्क

म्हातारपण गोऱ्यालाही येते आणि काळ्यालाही येते. परंतु दक्षिण आफ्रिकेत १९२८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा आफ्रिकी वृद्धांना त्यातून वगळण्यात आले. १९४४ साली त्यांचा समावेश झाला. पण रक्कम गोऱ्यांहून पुष्कळच कमी! ही विषमता संपण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

विषमतेचे दुसरे अंग कारभारात होते. वर्णभेदी राजवटीने निरनिराळ्या वंशांसाठी निरनिराळी खाती आणि 'होमलँड' नामक प्रदेशांसाठी स्वतंत्र प्रशासने उभारली होती. १९९४ साली लोकशाही आली, तरी ही तुकड्यांची यंत्रणा एका दिवसात कशी सांधली जाणार? अनुदानाचे वाटप प्रांतांकडे राहिले. अखेर २००४ च्या कायद्याने एक राष्ट्रीय संस्था निर्माण झाली व २००६ पासून ते काम तिच्याकडे आले.

१९९६ च्या संविधानाच्या २७ व्या कलमाने सामाजिक सुरक्षा हा 'प्रत्येकाचा' हक्क मानला आहे. या एका शब्दाच्या आधारे मोझांबिकमधून येऊन कायमचे रहिवासी झालेले गरीब लोक न्यायालयात गेले. २००४ साली संविधान न्यायालयाने त्यांचाही हक्क मान्य केला.

बंधु-भगिनींनो, यातील मर्म ध्यानी घ्या. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क मान ताठ ठेवून मागता येतो. परंतु हक्क नुसता लिहून भागत नाही. तो दूरच्या खेड्यातील म्हातारीच्या हाती पोहोचविणारी एकसूत्री यंत्रणा हवी, आणि तिला जाब विचारणारी जागृत माणसेही हवीत.