थांबलेला टेम्पो

(प्रथमोपचार प्रशिक्षण वर्गाच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या वर्गाचा आरंभ एखाद्या डॉक्टरांच्या भाषणाने होणे अधिक उचित ठरले असते. मी निवृत्त शिक्षक. या विषयातील माझा अधिकार एवढाच, की जेथे थांबायला हवे होते तेथे मी एकदा थांबलो नाही.

१९९७ सालचा आषाढ होता. साताऱ्याहून पुण्याकडे आम्ही सहकुटुंब परतत होतो. खंबाटकी घाट उतरल्यावर रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली आणि तिच्याशेजारी एक तरुण. मी गाडीचा वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. आठ वर्षांची मुलगी मागून म्हणाली, "बाबा, ते काका उठत नाहीयेत." मी म्हणालो, "बघेल गं कोणीतरी." त्यानंतर पुण्यापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पत्नीने पुढच्या रविवारी मला तेथे परत नेले. चहाच्या टपरीवर चौकशी केली, तेव्हा कळले की कोणीतरी खरोखरच पाहिले होते. टोमॅटो घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने त्या तरुणाला उचलून रुग्णालयात पोहोचवले होते. तरुण वाचला होता. टेम्पोवाल्याचे गाव जवळच होते. आम्ही त्याला भेटायला गेलो.

त्याने सांगितलेली हकिकत ऐकताना मान वर करवेना. रुग्णालयाने आधी अनामत मागितली. खिशात होते तेवढे पैसे त्याने भरले. मग पोलीस आले. "धडक तूच दिलीस ना?" हा एकच प्रश्न रात्रीपर्यंत चालला. माल टेम्पोतच सडला. "पुन्हा असा प्रसंग आला तर?" असे मी विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही थांबणार, सर. मालाचं काही नाही. पोरगं बरोबर होतं, त्याच्यादेखत चोरासारखं बसवलं मला."

माझे न थांबणे हा भित्रेपणा होता. त्याचे तसे नव्हते. ज्याच्या ठायी उपजत माणुसकी होती, त्याला आपल्या व्यवस्थेने एका रात्रीत माझ्यासारखे करून सोडले. आपल्याकडे माणसे थांबत नाहीत म्हणून समाजाला दूषणे देण्याची पद्धत आहे. मला ती अर्धवट वाटते.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात निर्वाळा दिला होता, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर तातडीने उपचार केलेच पाहिजेत. त्या खटल्याचे मूळही अशाच घटनेत होते. अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला एका वाटसरूने जवळच्या रुग्णालयात नेले. तेथून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवण्यात आला आणि वाटेतच त्याने प्राण सोडला. हा निर्णय होऊन आठ वर्षे लोटली होती, तरी तो त्या टेम्पोवाल्याला ठाऊक नव्हता. शिक्षक असून मलाही नव्हता.

मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र २०१६ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. स्वेच्छेने साक्षीदार झालात, तर जबाब एकदाच, तोही तुमच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी. अनामतीचा प्रश्नही २०२५ च्या योजनेने पुष्कळसा सोडवला आहे: नियुक्त रुग्णालयांत जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार होतात. मदत करणाऱ्याला पंचवीस हजारांचे पारितोषिकही त्याच वर्षापासून आहे. पारितोषिकासाठी कोणी थांबू नये, हे खरे. पण कोणाचे टोमॅटो सडले असतील, तर ते त्याने निःसंकोच घ्यावे!

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. रोजची सुमारे ४६०. यांतील कितीतरी जणांच्या बाबतीत पहिला तास निर्णायक असतो आणि त्या तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटे डॉक्टरांच्या नव्हे, वाटसरूच्या हाती असतात.

त्या मिनिटांत काय करायचे, हे पुढे प्रत्यक्ष दाखवले जाईलच. मी थोडेच सांगतो. आधी आपली गाडी सुरक्षित उभी करावी, मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्यावा, मग १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि मधूनमधून उचलून पाहू नये. मान वा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर आग वा वाहतुकीचा धोका असल्याखेरीज जखमीला हलवू नये. आणि पाणी पाजू नका! आपल्याकडे गर्दीतला प्रत्येक जण प्रथम पाण्याची बाटली पुढे करतो. त्यामागचा भाव चांगला असतो, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकते.

माझी मुलगी आज या सभागृहात मागे उभी आहे. छातीदाबाच्या सरावासाठी तिने तीन पुतळे आणले आहेत. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आहे. दोन मिनिटांतच घाम फुटतो. पहिल्या रांगेतील मंडळींनी आता बाह्या सरसावून पुढे यावे.