आधी ऐकू या, मग बोलू या

(अंजनगाव सुर्जी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



इथून उत्तरेला पाहिले की गाविलगडचे डोंगर दिसतात. तिकडे मेळघाटात आपण औषधे, धान्य, वह्या-पुस्तके घेऊन जातो. आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे त्याला पैसा लागत नाही, धीर लागतो. ते काम म्हणजे ऐकणे.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिचे नाते झारखंडकडच्या संताळी-मुंडारीशी आहे, मराठीशी नाही. कोरकू माउली आपल्याशी मराठीत बोलते तेव्हा ती परक्या भाषेत बोलत असते. तिला शब्द शोधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपणच तिचे वाक्य पुरे करतो. "समजले ना?" असे विचारले की ती "हो" म्हणते. तो "हो" पुष्कळदा नुसता मान राखण्यासाठी असतो. औषध किती वेळा पाजायचे हे तिला कळलेच नसेल, तर त्याचे भोग बाळाच्या वाट्याला येतात. म्हणून, "घरी गेल्यावर औषध कसे द्याल, ते मला सांगा," असे म्हणा आणि थांबा.

ही घाई सगळीकडेच आहे. अमेरिकेत 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर-रुग्णांच्या 74 भेटी तपासल्या गेल्या. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी 18 सेकंदांतच डॉक्टरांनी त्याला मध्येच अडवले होते.

आता आपल्याजवळचे उदाहरण पाहा. धारणी तालुक्यातील बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना चालवला. लोकांनी त्यांच्यापुढे आजारांबरोबर गुरांची आणि पिकांचीही गाऱ्हाणी मांडली. "हे माझे काम नव्हे," असे न म्हणता डॉक्टरांनी गुरांवरचे उपचार शिकून घेतले आणि स्वतः शेतीत उतरले. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, दवाखाना कसा हवा, हे आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटत होती. म्हणून शोधग्रामला झोपड्यांसारखे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. नुसती मान डोलावणे म्हणजे ऐकणे नव्हे. ऐकल्यावर आपल्या कामात काही बदलले, तरच ते ऐकणे.

हेच आपल्या कचेरीतही करायचे आहे. पाड्यावरची परिस्थिती सर्वांत जास्त ठाऊक असते ती कोरकू बोलणाऱ्या सेविकेला, आणि बैठकीत तीच मागच्या रांगेत गप्प बसते. यापुढे तिला सर्वांत आधी बोलू द्या. ती बोलत असताना मोबाइल पिशवीत ठेवा. जबाबदार मंडळींनी शेवटी बोलावे.

आपल्या मासिक अहवालात "काय वाटले" हा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: "लोकांनी काय सांगितले आणि त्यावर आपण काय केले". तो कोरा राहिला, तर पुढच्या महिन्यात वाटप करण्याआधी पाड्यावर जाऊन बसा.