परड्यातील कोंबड्या आणि शेजारधर्म

हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर कलघटगी हे तालुक्याचे गाव लागते. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. कोरडे पठार संपून मलनाडाची झाडी सुरू होते त्या सीमेवर हा मुलूख असल्यामुळे येथे ओल पुष्कळ. अशा गावी परड्यात पाच-दहा कोंबड्या बाळगणे म्हणजे घरच्या बाईची छोटी पेढीच होय. अंडी विकून मुलांच्या वह्या येतात, अडीनडीला एखादा कोंबडा मोडता येतो. ही पेढी एका आठवड्यात बुडविणारा रोग म्हणजे मानमोडी.

कुमाऊँमधील राणीखेत येथे 1927-28 च्या सुमारास तो आढळला, म्हणून त्यास राणीखेत रोग असेही म्हणतात. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट हगवण लागते, पाय-पंख लुळे पडतात आणि मान पिळल्यासारखी वळते. या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लशीचा एक थेंब घालावा आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. त्यापूर्वी आठवडाभर जंताचे औषध दिल्यास लस चांगली लागू पडते.

येथे एक अडचण उभी राहते. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या धनिणीने ती एकटीने कशी आणावी? म्हणून गल्लीतील घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवावे आणि पहाटे, पक्षी खुराड्यात असतानाच, सर्वांचे काम उरकावे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज कोंबडी काटक खरी. परंतु लस तिलाही हवीच.

पावसाळ्यात खुराडे जमिनीपासून उंच असावे व खाली भाताचे कोरडे तूस पसरावे. ओले तूस तसेच राहिले की पिल्लांना रक्ती हगवण लागते. पाणी रोज बदलावे. धुळीत लोळण्यासाठी राखमातीचा कोरडा कोपरा ठेवावा, म्हणजे उवा-पिसवा कमी होतात. बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

आता खरी कसोटी. दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या डालग्यात घालून बाजार गाठण्याचा मोह होतो. गरिबाच्या घरी तो समजण्यासारखा आहे. परंतु ते डालगे आपल्याबरोबर दहा गावांना रोग वाटीत जाते. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत, हात साबणाने धुवावेत आणि एकाएकी बरेच पक्षी मेल्यास दवाखान्यास त्वरित कळवावे. कारण प्रत्येक मरतूक मानमोडीचीच असते असे नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू उघडकीस आला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

कुंपण कोंबडीला अडविते, रोगाला नाही. शेजारणीच्या कोंबड्या निरोगी राहिल्या, तरच आपल्याही राहतील, हे ध्यानात ठेवून पुढील पिल्ले फुटण्यापूर्वीच लशीचा दिवस ठरवावा.