कंसाचा जोडीदार

फळ्यावर कंसांचें उदाहरण लिहिलें कीं, मी वर्गाकडून प्रथम ‘कंचेभागुबेव’ म्हणवून घेत असें. कंस सोडविल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, आणि कंसांत कंस असल्यास आंतला आधीं सोडवावयाचा, हें त्या सूत्राचें मर्म. मुलांचा गोंधळ होऊं नये म्हणून आंतला कंस साधा, त्याबाहेरचा महिरपी आणि सर्वांत बाहेरचा चौकटी अशी आपली पद्धत आहे. परंतु संगणकाच्या बहुतेक भाषांत हिशेबासाठीं साधेच कंस वापरावे लागतात. डब्यांत डबा, त्यांत आणखी डबा, आणि सर्वांचीं झांकणें एकसारखीं! जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें जी लिस्प नांवाची भाषा योजिली, तिच्यांत तर एका ठिकाणीं पांच-सहा कंस ओळीनें मिटलेले दिसतात. त्यांपैकीं कोणता कोणाचा, हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखणें कठीण.

यासाठीं एक सुरेख सोय झालेली आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत शिकत असतांना बिल जॉय यांनीं १९७६ मध्यें व्ही-आय नांवाचा टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचें व दुरुस्त करण्याचें साधन, तयार करण्यास आरंभ केला. त्याचाच सुधारलेला अवतार म्हणजे १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेला ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम. यांत कर्सर एखाद्या कंसावर ठेवून शेंकड्याच्या चिन्हाची कळ दाबली कीं, कर्सर थेट त्याच्या जोडीदारावर जाऊन उभा राहतो. मग तो जोडीदार त्याच ओळींत असो वा दोनशें ओळी खालीं असो. पुन्हां दाबली कीं तो परत येतो. ईमॅक्स या दुसऱ्या संपादकांत पुढें जाण्याच्या आणि मागें येण्याच्या कळा निराळ्या आहेत, काम तेंच.

यंत्राला हा जोडीदार सांपडतो कसा? यांत जादू कांहीं नाहीं. उघडत्या कंसापाशीं तें मनांत एक धरतें. पुढें चालतांना आणखी उघडता कंस भेटला कीं एक मिळवतें, मिटता भेटला कीं एक वजा करतें. जेथें बाकी शून्य उरते, तोच जोडीदार. मिटत्या कंसापासून निघाल्यास हाच हिशेब उलट दिशेनें होतो. मजकुराचा अर्थ त्याला मुळींच कळत नाहीं. तें केवळ मोजतें.

याचा अनुभव मला गतवर्षीं आला. आमच्या पेठेंतील मुलांसाठीं मी एक लहानशी परीक्षा घेतों. दोन लेखी परीक्षांची सरासरी काढून तींत तोंडी परीक्षेचे गुण मिळवावयाचे, असा नियम. गुणांचा हिशेब मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनें केला, यादी वाचून दाखविली आणि पहिल्या आलेल्या मुलाला पुस्तकें देऊन टाकलीं. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीनें हळूच विचारलें, “गुरुजी, माझें तोंडी वाईट झालें का?”

तिचें तोंडी तर सर्वांत उत्तम झालें होतें! तिचे लेखी गुण ४० व ३६, तोंडी १८. म्हणजे एकूण ५६. मुलाचे लेखी ४६ व ४२, तोंडी १०; एकूण ५४. प्रोग्रॅमनें मात्र तिला ४७ आणि त्याला ४९ दिले होते. रात्रीं मीं तें सूत्र उघडलें. उघडते कंस दोन, मिटते कंस दोन. यंत्राची कांहींच तक्रार नव्हती. आंतल्या उघडत्या कंसावर कर्सर ठेवून कळ दाबली, तों तो दुसऱ्या लेखी गुणांपाशीं न थांबतां तोंडी गुणांच्या पलीकडे गेला. तोंडीचे गुणहि आंत सांपडून त्यांनाहि दोननें भागलें गेलें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलीच्या घरीं जाऊन चूक कबूल केली आणि तींच पुस्तकें तिलाहि दिलीं. मुलाचीं परत घेतलीं नाहींत. अपराध त्याचा नव्हता.

श्रोतेहो, कंसांची संख्या जुळणें निराळें आणि कंस योग्य जागीं असणें निराळें. पहिली गोष्ट यंत्र पाहतें. दुसरी पाहणें हें लिहिणाराचें काम. ही कळ आपणांस इतकेंच दाखविते कीं, यंत्रानें कोणाची जोडी कोणाशीं लावली आहे. ती आपल्या मनांतील जोडीशीं ताडून पाहिली नाहीं, तर कर्सरची ती उडी केवळ करमणूक ठरेल. म्हणून आतां मी कर्सर कंसावर ठेवतों, त्याचा जोडीदार कोठें असावा तें आधीं मोठ्यानें म्हणतों आणि मगच कळ दाबतों. वर्गांत मुलांना मी हेंच सांगत असें: आधीं स्वतः उत्तर काढा, मग पुस्तकाचें शेवटचें पान उघडा.