इसबगोल कोणाला, कोणाला नाही
(मंडळाच्या वार्षिक समारंभात वाचलेले भाषण)



विषय जरा संकोचाचा आहे. पोट साफ होण्याबद्दल आपण चारचौघींत बोलत नाही. पण कुणाच्या घरी आतड्याची शस्त्रक्रिया झाली की समाचाराला जाताना कुणी इसबगोल नेते, आणि हल्ली तर ‘प्रीबायोटिक फायबर’ असे लिहिलेले भुकटीचे डबेही नेतात. आमच्या घरी असे पाच डबे जमले होते. त्यामागची माया मी जाणते. पण ती भुकटी कोणाच्या पोटात काय करते, हे आधी कळायला हवे.

चोथा म्हणजे अन्नातला न पचणारा भाग. त्यातला काही मोठ्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचे खाद्य होतो. जिवाणू म्हणजे विरजण धरले, तर त्याला लागणारे दूध म्हणजे प्रीबायोटिक. कांदा, लसूण, गहू यांत असणारे इन्युलिन त्यातलेच. ते आंबून जी आम्ले होतात ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, वायूही होतो. इसबगोलाची तऱ्हा वेगळी. तो फारसा आंबत नाही, पाणी धरून फुगतो आणि बुळबुळीत होतो.

आमच्या मामंजींच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढून टोके जोडली. पहिले काही आठवडे डॉक्टरांनी चोथा कमीच ठेवला. मग थोडा थोडा वाढवून इसबगोल दिला: एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, कालवल्याबरोबर पिऊन टाकायचा. निजायच्या वेळी नाही, आणि इतर औषधांपासून दोन तास दूर. पाणी कमी पडले तर त्याचा गोळा घशात किंवा आतड्यात अडकतो. मामंजींना तो चांगला मानवला.

वन्संचे मात्र निराळे. त्यांचे मोठे आतडे सबंध काढले आणि लहान आतड्याचे तोंड पोटावर आणून त्याला पिशवी लावली. डॉक्टर याला इलिओस्टोमी म्हणतात. ज्या घरात जिवाणूंचा मोठा संसार होता ते घरच गेले. आता त्यांच्या खाद्याचा उपयोग तो किती? पिशवी वायूने फुगते, एवढेच. शिवाय उरलेले पाणी आणि मीठ शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे काम. ते गेल्यावर दोन्ही पिशवीत वाहून जातात. इथे इसबगोल फसवू शकतो. पिशवीतले दाट दिसते म्हणून आपल्याला बरे वाटते, पण त्या बुळबुळीत गरात धरलेले पाणी बाहेरच जाते. वन्संच्या पायात गोळे येत, लघवी थोडी आणि गडद होई. डॉक्टरीणबाईंनी भुकट्या बंद केल्या आणि मीठसाखरेचे पाणी घोट घोट सुरू केले. नुसते पाणी पुष्कळ पिऊन भागत नाही. ते जाताना मीठही ओढून नेते.

एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आपल्याला जुलाबासाठी ठाऊक आहेच. दिवसाला दीड लिटरच्या वर पिशवी भरत असेल, तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आणि पिशवी दिसली की सगळे सारखेच, असेही नाही. मोठ्या आतड्याचे तोंड बाहेर काढलेल्यांना बद्धकोष्ठ होऊ शकते; त्यांना चोथा लागतो. म्हणून कोणते आतडे गेले आणि कोणते राहिले, हे घरच्यांना हळूच विचारावे. पोटात कळा, उलट्या आणि पिशवीत काहीच न येणे, असे झाले तर रेचक नाही, इसबगोल नाही, थेट रुग्णालय.

वन्संसारख्या बाईला पहिले सहा-आठ आठवडे ओले खोबरे, शेंगदाणे, मका, संत्र्याचे पापुद्रे वर्ज्य असतात, कारण ते तोंडाशी अडकतात. पिकले केळे आणि मऊ भात चालतो. तेव्हा भेटीला काही न्यायचेच असेल, तर मीठ घातलेली तांदळाची पेज न्यावी. नारळाच्या वड्या तिच्या मुलांना द्याव्यात, ती पोरे आईच्या आजारपणात अगदी सुकून गेलेली असतात.