भट्टीतला कसाटा



कसाटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आइस्क्रीमची तीन रंगांची फोड येते. मधे केकचा पातळ थर, कडेला सुक्या मेव्याचे तुकडे. पण ज्या सिसिली बेटावरून हे नाव आपल्याकडे आलं, तिथला मूळ कसाटा आइस्क्रीमचा नाही. तो रिकोटाचा आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एक नटवा. हिरवट बदामी कडा, पांढरी साखर आणि वर पाकवलेली फळं. मिठाईच्या दुकानाच्या काचेत शोभतो तो हा. दुसरा अगदी साधा. खुसखुशीत आवरणात रिकोटा आणि चॉकलेटचे तुकडे भरून भट्टीत भाजलेला. त्याला तिकडे 'कास्साता अल फोर्नो' म्हणतात, म्हणजे भट्टीतला कसाटा. दोघांत हाच जुना, असं पुष्कळ जण मानतात. घरी करण्याजोगाही हाच, म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

या एका पदार्थात सिसिलीचा बराच इतिहास भरलेला आहे. पालेर्मो शहर 831 साली अरबांच्या हाती गेलं आणि 1072 मध्ये नॉर्मन लोकांनी ते जिंकलं. मधल्या काळात अरबांनी बेटावर ऊस आणि लिंबाच्या जातीची फळं रुजवली. पुढे स्पेनच्या राजांची सत्ता आली, ती 1713 पर्यंत टिकली, आणि त्यांच्यामार्फत अमेरिकेतला कोको इथे पोचला. साखर अरबांची, चॉकलेट स्पॅनिशांचं. रिकोटा मात्र या सगळ्यांच्या आधीपासून इथल्या धनगरांचा.

हा रिकोटा म्हणजे इटलीचं पनीर, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. दिसायला सारखं असलं तरी दोन्हींचा जन्म वेगळा आहे, आणि हा फरक समजला की पदार्थ निम्मा जमला.

सिसिलीतला धनगर मेंढीचं दूध कोमट करतो, उकळत नाही. त्यात रेनेट घालतो. हे कोकराच्या जठरातून मिळणारं विरजण. दूध थिजतं, त्याचं चीज होतं आणि मागे उरते निवळी. आपण जिला पनीरचं पाणी म्हणतो, तशीच. ती तो फेकत नाही. पुन्हा चुलीवर चढवतो, कधी त्यात थोडं ताजं दूधही घालतो. निवळी 80-85 अंशांपर्यंत तापली की तिच्यात मऊ पांढरे कण तयार होऊन वर तरंगू लागतात. ते अलगद झाऱ्याने काढून टोपलीत निथळत ठेवायचे. हाच रिकोटा. शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'.

आता तुम्ही विचाराल, मग आमच्या पनीरच्या पाण्यातून असं काही का निघत नाही? याचं उत्तर आपल्या एका चांगल्या सवयीत आहे. दुधात प्रथिनांचे दोन मोठे गट असतात. गाईच्या दुधात सुमारे 80 टक्के केसिन आणि उरलेली निवळीतली प्रथिनं. रेनेटने फक्त केसिन थिजतं, दुसरा गट पाण्यात विरघळलेला राहतो आणि पुढे तापवल्यावर हाती लागतो. आपण दूध घरात आलं की आधी उकळतो. त्या उष्णतेने निवळीतली प्रथिनं केसिनला चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर पनीरबरोबरच बाहेर येतात. मागे उरलेल्या पाण्यात पुन्हा शिजवण्याजोगं फारसं काही राहत नाही. म्हणजे धनगर जे दुसऱ्या खेपेला वाचवतो, ते आपण पहिल्याच खेपेला वाचवलेलं असतं. दोन्ही घरं काटकसरीचीच, वाटा वेगळ्या.

म्हणून मी करते तो घरचा रिकोटा खरा रिकोटा नव्हे, हे आधीच सांगते. मोठ्या शहरांत ताजा रिकोटा विकत मिळतो. मिळाला तर तो जरूर आणा. नाही मिळाला तर 3 लिटर गाईचं दूध घ्या. म्हशीच्या दुधाचा गोळा घट्ट आणि रबरी होतो. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ स्निग्ध असतं, ती उणीव भरून काढायला पाऊण वाटी ताजी साय फेटून दुधात मिसळा. दूध उकळी फुटण्याच्या बेताला आलं की गॅस बंद करा आणि पाण्यात कालवलेला लिंबाचा रस थोडा थोडा घाला. दूध फाटलं की थांबा. ढवळू नका. दहा-पंधरा मिनिटांनी झाऱ्याने गोळे उचलून मलमलच्या कापडात ठेवा. वर वजन ठेवायचं नाही, पिळायचं नाही, रसगुल्ल्याच्या छेन्यासारखं मळायचंही नाही. श्रीखंडाचा चक्का टांगतो तसं रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्या. साधारण 600 ग्रॅम मऊ ऐवज मिळेल.

या पदार्थाचं सगळं गणित पाण्याचं आहे. चीजकेकसारखी यात अंडी नसतात, त्यामुळे सारण बांधून धरणारं दुसरं काही नाही. रिकोटात पाणी राहिलं तर ते भाजताना सुटतं आणि तळ चिखलासारखा होतो. चमच्याची पाठ दाबल्यावर पाणी दिसत नसेल, तरच पुढे जा.

निथळलेल्या रिकोटात 160 ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर दालचिनीची पूड घाला आणि पुन्हा दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. साखर उरलंसुरलं पाणी बाहेर ओढते. वर आलेलं पाणी ओतून टाका आणि मिश्रण पुरणाच्या चाळणीतून काढा. आपल्या घरात या कामाला याहून चांगलं साधन नाही. रवाळपणा जातो आणि सारण लोण्यासारखं होतं.

चॉकलेट 80 ग्रॅम, कडवट गडद. सुरीने तुरीच्या डाळीएवढे तुकडे करा, पण ते तसेच सारणात टाकू नका. आधी चाळून घ्या, नाहीतर चॉकलेटच्या भुकटीने पांढरंशुभ्र सारण राखाडी दिसतं. भुकटी दुधात घालून पिऊन टाका. भट्टीत तुकडे वितळतात खरे, पण हलवलं न गेल्यामुळे जागच्या जागी राहतात आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होतात. कापल्यावर पांढऱ्यात काळे ठिपके दिसतात ते त्यामुळेच.

आवरणासाठी 300 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम गार लोणी, 110 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, किसलेली लिंबाची साल, एक अंडं आणि एक पिवळा बलक. अंडं चालत नसेल तर तीन-चार चमचे गार दूध. सिसिलीत पुष्कळ घरी लोण्याऐवजी डुकराची चरबी वापरत. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, नानखटाईला चोळतो तसं. मग बाकीचं घालून गोळा जेमतेम एकत्र करा. कणकेसारखं तिंबलंत तर खुसखुशीतपणा गेलाच म्हणून समजा. तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

आता रचना. 22 सेंटिमीटरच्या साच्याला लोणी लावा. पिठाचा दोन तृतीयांश भाग लाटून तळाला आणि कडांना बसवा. तळावर साध्या केकचा किंवा बिस्किटांचा चुरा पसरा, वर सारण, सारणावर पुन्हा चुरा. हा चुरा चवीसाठी नाही, उरलेला ओलावा शोषून घेण्यासाठी आहे. वरही लागतो, कारण शेवटी हा कसाटा उलटा करून वाढतात आणि झाकण तळाशी जातं. उरलेल्या पिठाची पोळी झाकून कडा दाबा आणि काट्याने टोचे मारा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, खालच्या कप्प्यात, 180 अंशांवर 50 मिनिटं ते तासभर, रंग बदामी होईतो. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तर तेही चालेल. नुसता मायक्रोवेव्ह मात्र उपयोगाचा नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात कठीण, आणि ती म्हणजे काहीही न करणं. घरभर वास सुटलेला असतो, मुलं सुरी घेऊन उभी असतात. पण गरम कसाटा कापला तर सारण ओघळतं. पूर्ण गार होऊ द्या, मग ताटात उलटा करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर पिठीसाखर भुरभुरा. तापलेल्या सळईने साखरेवर चौकटी उमटवण्याची तिकडे रीत आहे. नाही जमलं तरी चवीत काही फरक पडत नाही. तीन दिवसांत संपवा.

सिसिलीत कसाटा हा ईस्टरचा पदार्थ. उपासाचे चाळीस दिवस संपतात, वसंत आलेला असतो, मेंढ्यांना हिरवा चारा मिळालेला असतो आणि दूध भरपूर असतं. रिकोटा उत्तम असतो तोही तेव्हाच. सण आणि दूध एकाच वेळी घरात येतात, असा तिथला हिशोब आहे.

राहता राहिलं ते कापडाखालच्या पातेल्यात साठलेलं पाणी. त्यातून रिकोटा निघणार नाही, पण ते मोरीत ओतू नका. त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. किंवा आमटीत घाला, मग चिंच जरा बेतानेच.